घरची म्हणून शेवटी

२ एप्रिल

दादा,

नमस्कार. तू थोरला आहेस म्हणून करते, नाहीतर आज तुला नमस्कार करावा असं काही घडलेलं नाही.

फोनवर बोलायची सोय तूच घालवलीस. मागच्या वेळी मी अजून मुद्द्यावर येत होते, तोवर तू फोन आपटलास. मग मावशीने आपल्या दोघांना शपथ घातली, की यापुढे फोनवर भांडायचं नाही, काय असेल ते लिहून भांडा. ती तुझी आई आणि माझी मावशी. तिचा शब्द मोडायची हिंमत तुझ्यात नाही नि माझ्यातही नाही, म्हणून हे पत्र. कोंबडीखाद्याच्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्याच गल्लीत राहतो आणि माझ्याकडे गोण्या टाकायला येतो. तो आता आपला पोस्टमन. त्याला चहा पाज.

आता ऐक. माझ्या शेडमधल्या चारशे कोंबड्या तयार आहेत. सहा आठवडे झाले, वजन अगदी हवं तेवढं भरलंय, आता कापायच्या. आणि कापायचा कारखाना तुझा, त्याचा निरोप काय, तर पुढच्या महिन्याच्या शेवटापर्यंत तारीख नाही! वर ‘थांब जरा’. अरे, मी थांबेन. कोंबड्या कशा थांबतील? त्या खातात आणि वाढतात, दुसरं काही त्यांना येतच नाही. आणखी दोन आठवडे गेले की पायांना वजन पेलत नाही, मग एका जागी बसून राहतात आणि छातीला फोड येतात. हे मी तुला शिकवायला हवं का?

माझं गिऱ्हाईक एकच आहे, हे तुला माहीत आहे. वसतिगृहाच्या मेसवाल्या बाई. त्यांना हव्यात मध्यम अंगाच्या कोंबड्या आणि प्रत्येकीवर तपासणीचा शिक्का. शिक्का नसेल तर बाई दारातून आत घेत नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे, दुसऱ्यांच्या पोरांच्या पोटाचा प्रश्न आहे. शिक्का कुठे मिळतो? तुझ्याकडे. दुसरा कारखाना आहे तो कंपनीचा, तिथे चारशे कोंबड्या म्हटलं की गेटवरचा माणूस हसतो. म्हणजे मला तू आणि तूच. बाई सुटल्या तर माझ्या शेडला कुलूप लागलं म्हणून समज.

आमच्यातल्या त्या बंगलेवाल्या कोंबडीवाल्याला मात्र बरोबर तारखा मिळतात रे? परवा त्याची गाडी तुझ्या दारातून निघताना ड्रायव्हरने बघितली. पण तो पडला बाहेरचा. मी घरची. घरच्यांनी शेवटी यायचं, हा तुझा कायदा मला पाठ आहे. लहानपणी खाऊ वाटतानासुद्धा तू गल्लीतल्या पोरांना आधी द्यायचास आणि माझ्या हातावर शेवटी चुरा पडायचा.

मावशीला नमस्कार. तिच्या गुडघ्याचं कळव. आणि तारीख कळव.

तुझी बहीण

*

५ एप्रिल

चिमणे,

आशीर्वाद. ड्रायव्हरला चहा पाजला. तुझं पत्र वाचून होईपर्यंत त्याने बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला, तेव्हा पुढचं पत्र लहान लिही.

माझ्याकडचं गणित सांगतो. तपासणीच्या डॉक्टरबाई आधी आठवड्यातून तीनदा यायच्या. आता फक्त मंगळवार आणि शुक्रवार. त्या आल्या नाहीत तर शिक्का नाही, आणि शिक्का नाही तर मी सुरीला हात लावत नाही. कापणारी माणसं चार. पिसं काढायचं मशीन माझ्या लग्नाच्या वेळचं, मध्येच रुसतं. दिवसाकाठी जेवढ्या होतात तेवढ्याच होतात. तू दात-ओठ खाल्लेस म्हणून जास्त होणार नाहीत.

भिंतीवरचा फळा येऊन बघ. दोन महिन्यांचे मंगळवार-शुक्रवार खडूने गच्च भरलेत, एक बोट ठेवायला जागा नाही. तुझं नाव पुढच्या महिन्याच्या शेवटी आहे. तुझ्याकडे मार्चची तारीख होती. ती तूच सोडलीस, हे पत्रात लिहायला विसरलीस वाटतं.

बंगलेवाला तारखा धरतो आणि त्या दिवशी माल घेऊन येतो. निदान बहुतेक वेळा येतो. बाकीच्यांचं काय सांगू, लोकांना शिस्त राहिली नाही. ते जाऊ दे.

कुणी रद्द केलं तर तुला आधी निरोप पाठवतो. आणि एक, मागच्या खेपेला तुझ्या कोंबड्या भरल्या पोटी आल्या होत्या. कापताना गळ्याची पिशवी फुटली की सगळी घाण मांसावर. आदल्या संध्याकाळपासून नुसतं पाणी द्यायचं, दाणा नाही. तेवढं तुझ्या नवऱ्याला सांग.

आईचा गुडघा तसाच. तोंड मात्र छान चालतंय.

दादा

*

१३ एप्रिल

दादा,

आज नमस्कारही नाही.

तू निरोप पाठवणार होतास. मी आठवडाभर अंगणात ड्रायव्हरच्या हॉर्नकडे कान लावून बसले. शेवटी तो आज आला आणि गोण्या उतरवता उतरवता काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, ‘ताई, शुक्रवारी तुमच्या दादांकडे निवांत होतं. चौघं पत्ते खेळत बसले होते.’

पत्ते! दादा, तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इथे मी एका तारखेसाठी तोंड वेंगाडते आणि तिथे अख्खा शुक्रवार रिकामा? तुझ्या त्या गच्च फळ्याचं काय झालं? मला एक निरोप पाठवायला तुझा काय हात मोडला होता? मी क्रेट डोक्यावर घेऊन चालत आले असते.

इथली गत ऐक. कोंबड्या आता शेडमध्ये फिरत नाहीत, बसून असतात. दाण्याजवळसुद्धा सरपटत जातात. काल दुपारी एक जरा फडफडली आणि उलटी पडली ती पडलीच. एवढं अंग, त्या बोटभर हृदयाने किती ओढायचं? पंखा लावलाय, पाणी शिंपडते, तरी रोज दोन-चार उचलून बाहेर पुरते आहे. पुरताना काय वाटतं ते तुला सांगून उपयोग नाही. तू रोजच मेलेल्या बघतोस. पण तुझ्याकडच्या कशासाठी तरी मरतात.

मेसवाल्या बाई येऊन बघून गेल्या. एक उचलून बघितली आणि म्हणाल्या, ‘ही कोंबडी आहे की शहामृग?’ मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘महिनाअखेरपर्यंत तुझ्यासाठी ओढूनताणून चालवते. पुढे नाही जमणार. पोरं जेवायला बसली की ताटात काहीतरी पडावं लागतं.’

आमच्याकडे सगळ्यांचीच ही रड आहे. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन कोंबड्यांत पडले, ते आता डोक्याला हात लावून बसलेत. ते म्हणतात, शहाण्या माणसाने दोन-तीन तारखा धरून ठेवाव्यात, त्यातली एक तरी लागते. मी म्हटलं, मास्तर, माझा दादा मला एक देत नाही, तीन कुठल्या?

शुक्रवारी काय झालं ते सरळ सांग. बंगलेवाल्यासाठी राखून ठेवला होतास का?

*

१४ एप्रिल

चिमणे,

ड्रायव्हरला दारात उभा करून लिहितोय. आज चहाही नाही.

शुक्रवारी काय झालं ते ऐकायचंय? ऐक. पहाटे टाकीखाली जाळ घातला. पिसं सुटायला पाणी बरोबर तापलेलं लागतं, ते तापवून ठेवलं. चारही माणसं सुऱ्यांना धार लावून उभी. डॉक्टरबाई पांढरा कोट घालून, बूट चढवून खुर्चीत बसल्या. आणि ज्याची पाळी होती तो आलाच नाही. नऊ वाजले, दहा वाजले. पाणी गार झालं, पुन्हा तापवलं, पुन्हा गार झालं. दुपारी बाईंनी कोट काढला आणि वहीत काहीतरी लिहून निघून गेल्या. मग पोरांनी पत्ते काढले. मी काय त्यांना भजन करायला सांगू?

या दोन महिन्यांत असं पाचव्यांदा झालं. नाव फळ्यावर, माणूस गायब. कुणाला रद्द करावंसं वाटत नाही. मागच्या पत्रात म्हणालो ना, शिस्त राहिली नाही, ते हे. तुला सांगितलं नाही, कारण सांगून लाज वाटते. बाहेर सगळे म्हणतात दादाचा कारखाना तुडुंब भरलाय, आणि आत मी माश्या मारत बसलोय.

आता शुक्रवार कुणाचा होता ते विचार. फळ्यावर नुसतं ‘अण्णा’ लिहिलेलं होतं. थंडीत कधीतरी फोनवर आमच्या पोराने लिहून घेतलं होतं, खाली नंबर. वाट बघून बघून मी त्या नंबरवर फोन लावला. समोरून तुझ्या नवऱ्याचा आवाज. तो ‘हॅलो, हॅलो’ करत राहिला आणि मी फोन ठेवून दिला, कारण तोंड उघडलं असतं तर आईची शपथ मोडली असती.

अण्णा म्हणजे तुझे सासरेच ना? त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. खांदा द्यायला मी होतो. ते कोंबड्या घेऊन आले नाहीत याबद्दल मी त्यांना दोष देत नाही.

तुझा शुक्रवार होता, चिमणे. तुझाच.

दादा

*

१७ एप्रिल

दादा,

तुझं पत्र तीन दिवस डब्याखाली ठेवून दिलं होतं. पुन्हा वाचायचं धाडस होईना.

काय झालं ते आता कळलं. मार्चची तारीख मी सोडली, कारण हॅचरीवाल्याने पिल्लं दोन आठवडे उशिरा दिली. त्या तारखेला काय पिसांचे गोळे आणले असते कापायला? पुढेही तो असाच लटकवेल, म्हणून थंडीतच मी ह्यांना म्हटलं होतं, ‘आणखी एक तारीख धरून ठेवा, कुणाच्याही नावावर.’ ह्यांनी धरली आपल्या वडिलांच्या नावावर. मला वाटलं ह्यांच्या लक्षात आहे, ह्यांना वाटलं माझ्या. तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. मी इतकी ओरडले की शेडमधल्या कोंबड्या उठून उभ्या राहिल्या. आठवड्यात पहिल्यांदाच उभ्या राहिल्या असतील.

ज्या तारखेसाठी मी तुला नाही नाही ते बोलले, ती माझ्याच घरात पडून होती. काय बोलायचं आता? चुकले.

पण दादा, मी एकटी नाही. मी परवा खाद्याच्या दुकानात सगळ्या कोंबडीवाल्यांना धरलं. आधी कुणी कबूल होईना. मग अंडीवाली म्हणाली, तिच्या दोन तारखा जावयाच्या नावावर आहेत, आणि जावई दुसऱ्या देशात आहे. मास्तरांनी एक धरलीय ती त्यांच्या मांजराच्या नावावर! एवढे शिकलेले गृहस्थ, म्हणतात, ‘ठमी हे नाव माणसाचंही असू शकतं.’ आणि बंगलेवाल्याने बायको, मेव्हणा, वॉचमन, सगळं खानदान फळ्यावर चढवलंय. तारखा मिळत नाहीत म्हणून आम्ही जास्त धरतो, आणि जास्त धरतो म्हणून मिळत नाहीत. तुझा फळा गच्च आहे तो आमच्या भीतीने.

मी म्हटलं, चला, सगळ्यांनी मिळून खोट्या तारखा सोडू. तर प्रत्येकाचं एकच, ‘आधी त्यांना सोडू दे.’ अंडीवाली म्हणते मास्तर आधी, मास्तर म्हणतात बंगलेवाला आधी. बंगलेवाला म्हणाला, ‘मी धरलेली वस्तू मी का सोडू?’ आणि गाडीत बसून गेला. माझं डोकं फुटायची वेळ आली. तासभर घसा फोडला आणि एक तारीख सुटली नाही.

म्हणून सांगते, तूच काहीतरी कर. पुसून टाक तो फळा. सगळाच पूस. माझं मेअखेरचं नावही पूस. ओरडतील चार दिवस.

माझ्याकडे महिनाअखेर फार लांब नाही.

चिमणी

*

२० एप्रिल

चिमणे,

पुसला.

ओल्या फडक्याने, वरपासून खालपर्यंत. आमची चारही पोरं बघत राहिली. काल सकाळपासून फोन वाजतोय. मी तो ड्रॉवरमध्ये टाकलाय, आत गुरगुरतोय.

पण फक्त तू लिहिलंस म्हणून पुसला नाही. तुला सगळं सांगितलेलं नाही. डॉक्टरबाईंनी वर कळवलंय की इथे दोन दिवसांचं काम नाही, रिकामं बसावं लागतं. खोटं नाही बोलल्या. आता त्यांचे मोठे साहेब येत्या शुक्रवारी, पंचवीस तारखेला, स्वतः बघायला येणार आहेत. त्या दिवशी काम दिसलं तर दोन दिवस राहतील. नाहीतर मेपासून एकच दिवस.

एका दिवसावर चार माणसं पोसता येत नाहीत. ती गेली की मी एकटा काय कापणार? समोरचा टायरवाला केव्हाचा मागे लागलाय, जागा गोदामासाठी दे म्हणून. मी अजून ‘नाही’ म्हणतोय. आईला यातलं काही बोलू नकोस. तिला वाटतं हा कारखाना म्हणजे बाबांची आठवण आहे. मलाही वाटतं, पण पाणी तापवायला आठवणी जाळता येत नाहीत.

तेव्हा पंचवीसला जो येईल त्याचं काम होईल. येईल तो पहिला. सगळ्यांना सांग. मास्तरांना सांग, मांजराला घेऊन आले तरी चालेल, पण कोंबड्या आणा. तूही ये. लवकर ये. आदल्या संध्याकाळी दाणा बंद, विसरू नकोस.

दादा

*

२६ एप्रिल

दादा,

मी काल काही बोलले नाही, कारण तुझे साहेब उभे होते. आज बोलते.

मी पहिली होते. उजाडायच्या आधी मी आणि हे तुझ्या फाटकाशी होतो. मागून मास्तर आले, मग अंडीवाली, मग त्यांच्या ओळखीचे आणखी पाच-सहा. बंगलेवाला आला तो दोन गाड्या घेऊन. एवढी रांग तुझ्या दारात मी जन्मात बघितली नव्हती. मला मनातून बरं वाटत होतं. ह्यांना म्हटलंसुद्धा, ‘बघा, दादाचं काम झालं.’ माझ्या हाताला पिसं लागलेली, पण मी तशीच पुढे होऊन फाटकाची कडी काढायला तुझ्या पोराला मदत केली.

आणि तू बाहेर आलास, रांगेकडे बघितलंस, साहेबांकडे बघितलंस, आणि सगळ्यांसमोर म्हणालास, ‘हिचे क्रेट बाजूला घ्या. हिचं नंतर. ही घरची आहे.’

मला वाटलं चेष्टा करतोयस. तुझ्या पोरांनी माझे क्रेट उचलून भिंतीकडेला नेऊन ठेवले. उन्हात, दादा. मग तिथून मी बघत राहिले. मास्तरांच्या आत गेल्या. अंडीवालीच्या गेल्या. बंगलेवाल्याच्या दोन्ही गाड्या रिकाम्या झाल्या आणि तो माझ्याकडे बघून गोड हसला. मध्ये तुझं मशीन रुसलं. मग ते सुरू झालं. आणि माझी पाळी यायला एक गाडी उरली असताना डॉक्टरबाईंनी हातमोजे काढले. त्यांची वेळ संपली.

तू माझ्याकडे आला नाहीस. साहेबांना गाडीपर्यंत सोडायला गेलास.

तुला न दिसलेलं सांगते. आदल्या संध्याकाळपासून त्यांच्या पोटात दाणा नव्हता, तूच बजावलं होतंस. तशा उपाशी, दिवसभर उन्हात, आणि परत तेवढाच रस्ता. घरी क्रेट उघडले तेव्हा वरच्या थरातल्या तेवढ्या हलत होत्या. खालच्यांचं सांगत नाही. हे एक एक बाहेर काढत होते आणि मी पाणी घेऊन नुसती उभी होते, कुणापुढे ठेवायचं ते कळेना.

चूक माझी होती ती मी कबूल केली. फळा पूस म्हणाले, लोकांना गोळा करून आणलं, ही रांग मी आणली दादा. आणि रांगेतून मलाच बाहेर काढलंस.

मेसवाल्या बाईंचं माझं मी बघते. तू काळजी करू नकोस, तशी तू केलीही नसशील.

मावशीला नमस्कार सांगू नकोस. तिने कारण विचारलं तर काय सांगशील?

*

४ मे

चिमणे,

ड्रायव्हर म्हणतो, तू त्याला चहा विचारलास पण पत्र आहे का विचारल्यावर आत निघून गेलीस. मी चार वेळा लिहायला बसलो.

दोन्ही दिवस राहिले. काल पत्र आलं. साहेबांनी लिहिलंय की इथे मागणी जास्त आहे आणि दिवस कमी पडतात, पुढे तिसरा दिवस देता येईल का ते पाहावं. भिंतीशी ठेवलेले तुझे क्रेट त्यांनी बघितले होते. जाताना त्यांनी मला विचारलं, ‘यांचं राहिलं का?’ मी ‘हो’ म्हणालो. तेच त्यांनी लिहिलंय, की लोकांना माल परत न्यावा लागतो.

म्हणजे ज्यांचं काम झालं त्यांच्यामुळे कारखाना वाचला नाही. तुझं राहिलं म्हणून वाचला. हे वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

का केलं ते सांगतो. मी बाहेर आलो तेव्हा बंगलेवाला साहेबांच्या शेजारी उभा राहून मोठ्याने म्हणत होता, ‘पहिला नंबर कुणाचा? मावसबहिणीचाच ना?’ साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता सगळं गेलं. आणि तोंडातून ते निघून गेलं. घरच्याला मागे लोटलं की आपण सरळ माणूस ठरतो, ही माझी जुनी खोड. मला वाटलं संध्याकाळपर्यंत तुझा नंबर येईलच. मशीनने दगा दिला. पण मशीनचं नाव पुढे करून मी सुटत नाही. तुझ्याकडे येऊन दोन शब्द बोलायचे होते, तेवढीही हिंमत झाली नाही.

आईला कुणीतरी सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी बोलली, त्यापेक्षा नव्हती बोलत तेच बरं होतं.

नवा फळा केलाय. एका माणसाला एक तारीख, येणार नसेल तर तीन दिवस आधी सोडायची, नाहीतर पुढची मिळणार नाही. सगळ्यात वर, येत्या शुक्रवारी, नऊ तारखेला, पहिलं नाव तुझं लिहिलंय. बंगलेवाला वाचून गेला. बोंबलू दे. ज्या उरल्या असतील त्या घेऊन ये. सावलीत ताडपत्री बांधून ठेवतो. मशीनचा पट्टा नवा घातलाय.

ये.

दादा

*

६ मे

दादा,

नमस्कार. हा खरा आहे.

कारखाना राहिला, बरं झालं. मावशीला सांग माझा तिच्यावर राग नाही. तुझ्यावर आहे, आणि तो काही दिवस राहील. तू कारण लिहिलंस ते मला समजलं. समजलं म्हणून लगेच राग जात नाही.

पण नऊ तारखेला मी येणार नाही. माझ्याकडे कोंबड्या नाहीत.

तुझ्याकडून परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मेसवाल्या बाईंकडे गेले होते. तुला तेव्हा लिहिलं नाही. त्यांच्या मागच्या दाराशी कंपनीची बर्फाची गाडी उभी होती आणि बाई कोंबडीचे डबे मोजून घेत होत्या. मला बघून ओशाळल्या. म्हणाल्या, ‘शुक्रवारी माल आणते म्हणालीस, काल रात्रीपर्यंत वाट बघितली गं. पुढे नाही थांबता आलं.’ त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी रडले दादा, एवढी मोठी बाई, भांडी घासणाऱ्या पोरींसमोर.

मग उरलेल्या सगळ्या जिवंतच एका व्यापाऱ्याने उचलल्या. शिक्का नको, तारीख नको, आणि भाव काय दिला ते विचारू नकोस. शेड धुतली. चुना मारला. मोकळी शेड फार मोठी दिसते. हे सकाळी सवयीने पाण्याची बादली घेऊन जातात आणि दारातून परत येतात.

तेव्हा शुक्रवारची तारीख मी सोडते आहे. तीन दिवस आधी, लिहून, माझ्या स्वतःच्या नावाने. तुझ्या नव्या नियमाप्रमाणे तारीख सोडणारी पहिली मीच असेन. ती मास्तरांना दे, त्यांच्या तयार आहेत. त्यांच्या म्हणजे मास्तरांच्या, ठमीच्या नाही.

इतके दिवस या एका तारखेसाठी तुझ्याशी भांडले. मिळाली, तर परत करते आहे.

आता दुसरं. बाई निघताना म्हणाल्या, सुट्टी संपून वसतिगृह उघडेल तेव्हा पुन्हा बघू, पण दिवस पक्का सांगायचा. हॅचरीवाल्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. या वेळी आधी तारीख, मग पिल्लं. जुलैच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस हवा, मंगळवार किंवा शुक्रवार, कुठलाही. एकच. रांगेत जिथे नंबर येईल तिथे उभी राहीन, पुढे घेऊ नकोस.

फक्त मागेही ढकलू नकोस. फळ्यावर माझं नाव लिही, नुसतं नाव. घरची म्हणून लिहू नकोस.

ड्रायव्हर गुरुवारी परत येतो. त्याच्याबरोबर तारीख पाठव. मी अंगणातच असेन.

चिमणी